डेटाबेसवाल्यांना मेल टाकला तर उत्तर येतं का हो?

गेल्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की बायोलॉजीच्या मोठमोठ्या डेटाबेसना, म्हणजे जीन-प्रोटीनची माहिती सगळ्यांसाठी साठवणाऱ्यांना, साधा ईमेल टाकला तरी पलीकडून माणूस उत्तर देतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदरच त्याला देऊन टाकलंय. पत्रं थोडी कापलीत, नावं गाळलीत, राग नसावा.

प्रश्न : एनसीबीआय (अमेरिकेचं सरकारी डेटा केंद्र), ईबीआय (युरोपचं), युनिप्रॉट (प्रोटीनचा डेटाबेस) यांचे फुकट वेबिनार असतात असं आमचे सर सांगतात. फुकट का देतात? नंतर पैसे मागतात का? आणि आमच्यासारख्यांनी जॉइन केलं तर चालतं का, माझं इंग्लिश यथातथाच आहे. (एमएस्सी बायोटेक, कोल्हापूर)

चालतं काय, पळतं! केंब्रिजजवळ हिंक्स्टनला ईबीआय आहे, त्यांचं ट्रेनिंगचं अख्खं वेगळं डिपार्टमेंट आहे, ऑनलाइन कोर्स कधीही उघडा आणि आपल्या स्पीडनं करा. लाइव्ह वेबिनारला तिकडचे दुपारचे तीन म्हणजे आपले थंडीत रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात, म्हणजे जेवता जेवता होतं. अमेरिकेचा असेल तर मात्र साडेदहा-साडेअकरा वाजतात, तिथे रेकॉर्डिंग बघा आणि खाली सबटायटल लावा. प्रश्न चॅटमध्ये टाईप करायचा असतो, तुमचं ग्रामर कोणी तपासत बसत नाही.

आता पैशाचं. तुमच्याकडे नाही मागत, पण तुमच्यामुळे त्यांना मिळतात. यातले बरेच डेटाबेस चालतात सरकारी ग्रँटवर, आणि ग्रँट देणारे दर चार-पाच वर्षांनी विचारतात की बाबांनो हे वापरतं कोण? मग किती देशांतून लोक आले, कोणाचं काय काम झालं, हे दाखवावं लागतं. स्विस-प्रॉटचीच गोष्ट घ्या. आमोस बैरोख यांनी १९८६ मध्ये जिनिव्हात हा प्रोटीनचा डेटाबेस सुरू केला, आणि दहाच वर्षांत, १९९६ ला, पैसे संपायची वेळ आली. त्यांनी सरळ इंटरनेटवर सांगून टाकलं की आता बंद करावं लागणार. जगभरातून वापरणाऱ्यांनी अशी काही पत्रं लिहिली की स्विस सरकारला दखल घ्यावी लागली, आणि त्यातूनच १९९८ मध्ये स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स उभी राहिली. आज तुम्ही युनिप्रॉट उघडता ना, त्यातला हाताने तपासलेला भाग म्हणजे तेच स्विस-प्रॉट.

सगळ्यांचं असं गोड झालं नाही. अरॅबिडॉप्सिस या झाडाचा टेअर नावाचा डेटाबेस आहे, त्याची अमेरिकन सरकारी ग्रँट संपली आणि २०१३-१४ च्या सुमारास तो वर्गणीवर गेला. फळमाशीवाल्यांच्या फ्लायबेसचं तर अगदी ताजं, २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डची रिसर्च ग्रँट थांबवली त्यात यांचेही पैसे गेले, माणसं कमी करावी लागली आणि जगभरच्या माशीवाल्या लॅबांपुढे हात पसरावा लागला. तेव्हा वेबिनारच्या शेवटी फीडबॅक फॉर्म येतो तो भरत जा. दोन मिनिटं लागतात आणि तो खरंच कुठेतरी जोडला जातो.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात माहीत आहे. पुस्तकात लिहिलंय की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, पण युनिप्रॉटवर बघितलं तर सातव्या जागी दाखवतात! एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये चूक? कळवू का? आणि कळवलं तर आमच्यासारख्यांचं ऐकतात का?

मॅडम, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले, कारण हा प्रश्न पडायला एंट्री खरोखर उघडून अक्षरं मोजावी लागतात, आणि ते भलेभले करत नाहीत.

आधी चुकीचं बघू. चूक कोणाचीच नाहीये. पेशीत प्रोटीन बनायला लागतं तेव्हा पहिलं अमिनो अॅसिड, म्हणजे साखळीतला पहिला मणी, मेथिओनिन असतं. हिमोग्लोबिनच्या बाबतीत ते मेथिओनिन लगेच कापून टाकलं जातं, आणि रक्तात जी साखळी सापडते ती व्हॅलिनपासून सुरू होते. आता बोटांवर मोजा : व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, आणि सहावं ग्लुटॅमिक अॅसिड. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५०च्या दशकात हा बदल शोधला तेव्हा जीन वाचायची सोयच नव्हती, हातात होतं ते रक्तातलं प्रोटीन, म्हणून सहा. युनिप्रॉट जीनमधून येणारी अख्खी साखळी देतं, मेथिओनिनला एक नंबर देऊन, म्हणून सात. ह्युमन बीटा ग्लोबिनची एंट्री पी६८८७१ उघडा आणि खाली प्रोसेसिंगचा भाग बघा, पहिलं मेथिओनिन काढलं जातं असं तिथे लिहिलेलं सापडेल. आणि गंमत म्हणजे प्रोटीनचे त्रिमितीय आकार साठवणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेत सिकल हिमोग्लोबिनचं स्ट्रक्चर उघडलंत, २एचबीएस, तर तिथे परत सहाच!

हा घोळ पोरांना फळ्यावर दाखवा. दोन ओळी लिहायच्या, एक एमने (मेथिओनिन) सुरू होणारी, एक व्हीने (व्हॅलिन), आणि दोन पोरांना मोजायला उभं करायचं. नंदुरबारच्या वर्गात जितकं मन लावून ऐकतील तितकं पुण्यातल्या वर्गात ऐकणार नाहीत हे मी लिहून देते.

तरीही कळवायचं का? माझं मत, हो, चूक म्हणून नाही पण प्रश्न म्हणून कळवा. दहा शिक्षकांनी हेच विचारलं की हेल्पडेस्कवाल्यांना समजतं की इथे लोक अडखळतात, आणि मग मदतीच्या पानावर त्याचा खुलासा येतो. आउटरीच आउटरीच, म्हणजे लोकांपर्यंत पोचणं, म्हणतात ते निम्मं हेच असतं, स्टॉल लावून स्टिकर वाटणं हा त्यातला दिखाऊ भाग झाला.

आणि उद्या खरीच चूक सापडली तर? तेव्हा आधी हे बघायचं की डेटाबेस कोणत्या जातीचा आहे, कारण इथेच सगळे फसतात. जेनबँक, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे क्रम (सीक्वेन्स) साठवणारा डेटाबेस, हे आपलं दस्त नोंदणी ऑफिस समजा. ज्याने दस्त नोंदवला त्याचाच तो, बाकी कोणी कितीही ओरडलं तरी क्लार्क त्यात खाडाखोड करणार नाही. तुम्ही कळवलंत तर ते मूळ सबमिट करणाऱ्याला विचारतील, तो बदल करेल तर करेल. प्रोटीन डेटा बँकेतसुद्धा स्ट्रक्चर ज्याने जमा केलं त्याचं. पण स्विस-प्रॉट, फ्लायबेस, वर्मबेस (हा कृमींचा) हे शब्दकोशासारखे, तिथे संपादक बसलेत, पेपर वाचून ते नोंद लिहितात आणि पुरावा दाखवलात तर बदलतात. युनिप्रॉटमध्येही आधी एंट्रीवर रिव्ह्यूड लिहिलंय की अनरिव्ह्यूड ते बघायचं. रिव्ह्यूड साधारण पावणेसहा लाख, ती माणसाच्या नजरेखालून गेलेली. अनरिव्ह्यूड कोट्यवधी, ती कॉम्प्युटरने सारखेपणावरून भरलेली, आणि एका जागी चुकीचं नाव पडलं की ते वावटळीसारखं शेकडो एंट्रींत पसरतं. तिथे चूक दिसली तर नवल नाही, पण कळवलं तर फायदाही मोठा.

मेल कसा लिहायचा ते सांगते, कारण मी स्वतः पहिला मेल फार वाईट लिहिला होता. एमएस्सीला असताना मी एका डेटाबेसला, नाव नाही सांगत, चांगलं पानभर सुनावलं होतं की तुमचा सीक्वेन्स चुकलाय, विद्यार्थ्यांची दिशाभूल होते, वगैरे वगैरे. दोन दिवसांनी फार सभ्य उत्तर आलं की आपण पाहत आहात ती एंट्री उंदराची आहे, माणसाची ही घ्या, आणि खाली लिंक. आजही आठवलं की कानशिलं तापतात. तर मेल चार ओळींचा हवा. एंट्रीचा नंबर, नेमकी कोणती ओळ, ती चुकीची का वाटते, आणि कोणत्या पेपरात बरोबर दिलंय त्याचा पबमेड (संशोधन पेपरांची ऑनलाइन सूची) नंबर. नमस्कार चमत्कार एका ओळीत, पद वगैरे नाही लिहिलं तरी चालतं. तुम्ही तालुक्याच्या कॉलेजात आहात की हार्वर्डला, हे त्या पबमेड नंबरला कळत नाही.

युनिप्रॉटवर अजून एक सोय आहे जी आपल्याकडे फारशी कोणी वापरत नाही. एखाद्या प्रोटीनवरचा पेपर एंट्रीत नसेल तर तुम्ही स्वतः जोडू शकता, ऑर्किड आयडी (संशोधकाचा ओळख नंबर) लागतो, तो फुकट मिळतो, आणि जोडलेला पेपर तुमच्या आयडीसकट तिथे दिसतो. फ्लायबेस तर पेपर छापून आला की लेखकांनाच मेल पाठवतं, यात कोणकोणते जीन आहेत ते टिक करा म्हणून, वर्मबेसचाही असाच फॉर्म असतो. आरएनएवाल्या आरफॅमने तर कमालच केली, आपल्या आरएनए कुटुंबांची वर्णनं थेट विकिपीडियावर ठेवली, तिथे कोणीही सुधारा, ते ती उचलून आपल्या पानावर दाखवतात. सुरुवातीला लोक म्हणाले हा वेडेपणा आहे, कोणीही काहीही लिहील. तसं काही झालं नाही, उलट चांगली माणसं येऊन लिहून गेली.

प्रश्न : मी नागपूरला पीएचडी करतोय. एक्सेलमध्ये जीनची लिस्ट पेस्ट केली की काही नावांची तारीख होते. १ मार्च, २ सप्टेंबर असं काहीतरी. गाईडना वाटतं मी निष्काळजी आहे.

हाहा, गाईडना सांगा की हा आजार जुना आणि जगभरचा आहे. मार्च१ आणि सेप्ट२ अशी खरोखर जीनची नावं होती, एक्सेलला वाटायचं ही तारीख, आणि ते इमानदारीत बदलून टाकायचं. मेलबर्नच्या लोकांनी २०१६ मध्ये तपासलं तेव्हा ज्या पेपरांना एक्सेलमध्ये जीनची यादी जोडली होती त्यातल्या जवळपास पाचव्या हिश्श्यात ही भानगड निघाली. आणि वाईट म्हणजे मार्च१ आणि मार्क१ हे दोन वेगळे जीन, दोघांचीही १ मार्चच व्हायची, एकदा सेव्ह झालं की कोणता कोण होता हे देव जाणे.

शेवटी माणसाच्या जीनना अधिकृत नाव देणाऱ्या एचजीएनसी कमिटीनेच हात टेकले. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की अशी नावं बदलतोय, मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१. मला यातला बारीक भाग आवडतो, नाव बदलण्याआधी ते त्या जीनवर काम करणाऱ्यांना मेल पाठवून विचारतात की तुम्हाला चालेल का. बारशाला आत्याला विचारतात तसंच. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हे आपोआप बदलणं बंद करायची सेटिंग दिली खरी, पण तुम्ही पेस्ट करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा आणि जुन्या पेपरातली यादी वापरत असाल तर नावांपेक्षा आयडी नंबरवर विश्वास ठेवा.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. हे सगळं संशोधकांसाठी आहे हे कळतं, पण दहावीच्या मुलांना यातलं काही दाखवता येईल का? शाळेत नेट येतं-जातं.

सर, तुमच्यासाठी पीडीबी-१०१. प्रोटीन डेटा बँकेने शिकवणाऱ्यांसाठी काढलेला हा कोपरा आहे आणि माझ्या मते अख्ख्या बायोलॉजीत याच्याइतका मनापासून केलेला आउटरीच दुसरा नाही. मूळ बँक सुरू झाली १९७१ मध्ये, अमेरिकेत ब्रूकहेवनला, फक्त सात स्ट्रक्चरवर. सात! २०२३ मध्ये दोन लाखांच्या पुढे गेली. पण सामान्य माणसाला त्यातलं काय कळणार, तर जानेवारी २००० पासून डेव्हिड गुडसेल दर महिन्याला एक रेणू घेऊन त्याच्यावर सोपं लिहायला लागले, चित्रंही त्यांचीच, पहिला रेणू मायोग्लोबिन. हा माणूस वॉटरकलरमध्ये पेशीच्या आतलं रंगवतो, आणि हौसेखातर नाही, कोणता रेणू केवढा आणि कुठे असतो हे मोजूनमापून. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी कोरोना व्हायरस रंगवला, त्याचं पोरांनी रंगवायचं काळं-पांढरं चित्रही तिथे आहे.

नेट येतं-जातं ना, मग कागदी मॉडेल घ्या. एकदा सायबर कॅफेतून पीडीएफ काढून आणायची की झालं. डेंग्यूच्या व्हायरसचं मॉडेल आहे, डीएनएचं आहे. मी डेंग्यूचं माझ्या भाचीबरोबर केलं, साध्या झेरॉक्स पेपरवर केलं तर पहिलं पिचकलं, मग कार्डशीटवर प्रिंट मारली. घडीच्या रेषेवर आधी रिकाम्या रिफिलने दाबून घ्यायचं म्हणजे घडी धारदार पडते, आणि फेव्हिकॉल बोटावर घेऊन अगदी पातळ, नाहीतर कागद फुगतो. शेवटची घडी बंद करताना आत बोट जात नाही तेव्हा भाची वैतागली होती, पण हातात तो वीस बाजूंचा गोळा आला तेव्हा म्हणाली, मावशी, हा एवढा नीटनेटका असतो? असतो. खऱ्या व्हायरसच्या अंगावर एकाच प्रोटीनच्या १८० प्रती अशाच शिस्तीत बसलेल्या असतात. पावसाळ्यात हे करा, कोकणात डासांची उणीव नाही, विषय आपोआप निघेल.

मजकूर मराठीत करून मुलांना द्यायचा असेल तर पीडीबी-१०१ चं आणि चित्रकाराचं नाव टाकून द्या. आणि भाषांतर केलंत तर त्यांना कळवाच.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये सीक्वेन्स डेटाबेसमध्ये टाकायला नको म्हणतात, कोणीतरी आधी पेपर काढेल म्हणून. (पीएचडी, पुणे)

भीती चुकीची नाही पण उपाय आहे. जेनबँकला देताना पुढची तारीख सांगता येते, तोपर्यंत झाकून ठेवतात, फक्त तुम्ही पेपरात नंबर छापलात की मग उघडतात. प्रोटीन डेटा बँकही जास्तीत जास्त वर्षभर थांबते. परदेशी पाठवायचं नसेल तर फरिदाबादला आपलं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर नोव्हेंबर २०२२ पासून आहे, तिथे विचारा. आणि लॅबमध्ये चहाच्या वेळी हळूच हा विषय काढा, की अल्फाफोल्ड, प्रोटीनचा आकार ओळखणारा एआय, ज्याच्या लोकांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, ते शिकलं कशावर? पन्नास वर्षं लोकांनी बँकेत टाकलेल्या स्ट्रक्चरांवर.

प्रश्न : मुलगी इंग्लंडला एका डेटाबेसमध्ये बायोक्युरेटर आहे. काय करतेस विचारलं तर म्हणते, बाबा, पेपर वाचते. दिवसभर पेपर वाचायचा पगार देतात? नातेवाइकांना मी कॉम्प्युटरमध्ये आहे असं सांगतो. (चिंचवड)

काका, ती खरं सांगतेय! शास्त्रज्ञ पेपरात लिहितात की अमुक प्रोटीन तमुक काम करतं, तुमची मुलगी तो वाचून त्यातलं नेमकं वाक्य उचलते आणि जगातल्या सगळ्यांना शोधता येईल अशा ठरावीक शब्दांत नोंदवते, पुराव्यासकट. सोपं वाटतं, पण लोक पेपरात साधं हेसुद्धा लिहीत नाहीत की प्रयोग माणसाच्या प्रोटीनवर केला की उंदराच्या. मग ती लेखकाला मेल टाकते. लेखक उत्तर देत नाही. ती परत टाकते. पोस्टात असतात ना तुमच्या ओळखीचे कोणी, अर्धवट पत्ता असलेलं पाकीटसुद्धा बरोबर घरी पोचवणारे, त्यातली ती आहे असं सांगा नातेवाइकांना.

बऱ्याच ठिकाणी हेल्पडेस्कला याच लोकांची पाळी असते, म्हणजे वर नंदुरबारच्या मॅडमनी मेल टाकला तर तो तुमच्या मुलीच्याच टेबलावर जाऊन पडेल, कोण सांगावं. पुढच्या व्हिडिओ कॉलला तिला विचारा की आज हेल्पडेस्क होता का आणि सगळ्यात येडचाप मेल कोणता आला. उंदराचा सीक्वेन्स माणसाचा समजून भांडणारी कोणी निघाली तर मात्र माझं नाव सांगू नका.